हिरडा आणि बेहडा

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचे नाव घेताच हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मरण होते. २ जानेवारी १९४३ रोजी या दोघा वीरांनी तेथील रानात देशासाठी प्राण वेचले. सिद्धगडाचा परिसर आज भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. सह्याद्रीच्या अशा रानांत एकाच कुळातील दोन भावंडे नांदतात. एक हिरडा, दुसरा बेहडा.

वनस्पतिशास्त्रात दोघांच्या प्रजातीला ‘टर्मिनालिया’ म्हणतात. ‘शेवट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले, कारण या प्रजातीतील झाडांची पाने फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात. बेहड्याला ते नाव शोभते. हिरड्याची पाने मात्र बहुधा समोरासमोर, जोडीने येतात. बेहडा उंच व सरळ वाढतो. हिरडा त्या मानाने ठेंगणा. बेहड्याचे फळ गोलसर, करडे, मखमली लव असलेले. हिरड्याचे लांबट व गुळगुळीत. वाळल्यावर त्यावर पाच कंगोरे उठतात.

कूळ एक, पण दैव निराळे! जुन्या वैद्यांनी हिरड्याला आईची उपमा दिली. कातडी कमावण्यास आणि काळी शाई करण्यास त्याचा उपयोग झाला. उन्हाळ्यात डोंगरातील आदिवासी कुटुंबे कोवळा बाळहिरडा वेचतात, वाळवतात आणि विकतात. त्या चार पैशांवर घरची मीठमिरची चालते.

बेहड्याच्या वाट्याला मात्र दूषणे आली. वेदकाळी त्याच्या फळांचे फासे करून लोक जुगार खेळत. नळराजाच्या कथेतला कली शेवटी याच झाडात शिरला. तेव्हापासून बेहडा अशुभ ठरला! जुगार माणसांनी खेळावा आणि बोल झाडाला लागावा, हा कोठला न्याय? वानरे आणि हरणे हा भेद मानीत नाहीत. ती बेहड्याची फळे आवडीने खातात.

लोभाने हिरड्याच्या फांद्याच तोडल्या, तर पुढील वर्षांची फळे बुडतात. निरुपयोगी समजून बेहड्यावर कुऱ्हाड घातली, तर वनचरांचा घास जातो. म्हणून जाणता माणूस फळ घेतो आणि फांदी राखतो. वैद्याच्या खलात हिरडा, बेहडा आणि आवळा एकत्र येतात, तेव्हाच त्रिफळा होते. मानाचा हिरडा कितीही घातला, तरी बेहड्याची जागा त्याला भरून काढता येत नाही.