भरवू नका

६ जून
पोहोचले तर काकू अण्णांना आमटीभात भरवत होत्या. स्ट्रोकनंतर अण्णांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. बोटं मात्र किंचित हलतात. म्हणजे मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे तंतू सगळेच गेलेले नाहीत. "चमचा त्यांच्या हातात द्या," म्हटलं. "सांडतील हो मॅडम!" सांडू देत. दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून दिली. पहिला घास सदऱ्यावर. मग एक तोंडात गेला, पण खांदा कानापर्यंत उचलून. ही खांद्याची लबाडी आत्ताच मोडायला हवी.

९ जून
अण्णांचा मुलगा विचारतो, मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येतात का? नाही. माझी काळजी शेजारच्या जिवंत पेशींची. रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांमध्ये दाखवलं होतं: मेंदूला इजा झाल्यावर हाताला काम मिळालं नाही, तर बोटांच्या मेंदूतल्या शाबूत उरलेल्या जागेत कोपर-खांदा शिरतात, बांध कोरल्यासारखे. लहान खळग्यांतून खाऊ काढायला लावलेल्या माकडांची ती जागा टिकली, काहींची वाढलीसुद्धा. मुलाला एवढंच सांगितलं: माया करा, भरवू नका.

१० जून
पाऊस. गेले नाही.

१३ जून
डाव्या, चांगल्या हातानेही कुलूप उघडताना अण्णा चाचपडतात. काकूंना वाटतं, नाटक. नाटक कसलं! ऑस्लोचे शरीररचनाशास्त्रज्ञ आल्फ ब्रोडाल यांना १९७२ मध्ये अर्धांग झालं. डावी बाजू गेली, पण उजव्या हाताचं अक्षरही बिघडलं. आपलंच निरीक्षण करून त्यांनी पुढच्या वर्षी 'ब्रेन' नियतकालिकात लिहिलं. नेहमीचा बो बांधताना बोटांना पुढची हालचालच सुचेना, हेही त्यात आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हात चालवणारे भाग आपण स्वस्थ पडलेलो असतानाही एका लयीत चालतात. स्ट्रोकनंतर ती लय तुटते, आणि जितकी जास्त तुटते तितका हात अधू असतो, असं सेंट लुईसमध्ये मेंदू-संशोधक कॉर्बेटा यांच्या गटाला २०१० साली एमआरआयवर दिसलं. आपल्याकडे एमआरआय होतो तो गुठळी कुठे, रक्तस्राव आहे का, एवढं बघायला. ही लय मला अण्णांच्या कुलपावरूनच ताडावी लागते.

१९ जून
मनगट टेबलावरून उचललं! खांदा न हलवता. संशोधक टॉब यांच्या पद्धतीने चांगल्या हाताला मोजा घालून अधू हाताला कामाला लावायचं, तर आधी एवढं लागतंच. सोमवारपासून मोजा, सकाळी नाश्त्यापासून. काकू म्हणाल्या, "मग पोहे करते, खिचडी नको." मुलाचा प्रश्न, गणपतीत आरतीचं ताट धरतील का? मी हो म्हटलं नाही. निरांजनाशिवाय, नुसत्या ताटाने सराव करू म्हटलं.