सव्वीस आटे

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी वडिलांची जुनी रॅले हातात धरून मी लक्ष्मी रस्त्याने निघालो. पुण्यात सायकल हातात धरून चालणाऱ्याकडे लोक पूर्वी सहानुभूतीने पाहत, आता कुतूहलाने पाहतात, एवढाच फरक! पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला मधल्या आसात ‘कट्’ असा आवाज येई. दोन दुकानांत सल्ला मिळाला होता, “साहेब, भंगारात द्या.” हा शब्द वडिलांपाशी उच्चारण्याची माझी छाती नव्हती.

सिटी पोस्ट, सोन्या मारुती मागे टाकून नाना पेठेत शिरले की पुणे निराळे होते. आमच्या सदाशिव पेठेत तोंड जास्त चालते, इथे हातोडी. एका बोळातल्या म्हाताऱ्या काकांनी दातेरी चक्रावरची बगळ्याची मुंडकी पाहिली आणि चष्मा चढवला. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला, कॉटरचा नट सैल केला, तीन घाव घातले. कॉटर सुटली. डावा कप काढून आस बाहेर घेतला, तर छर्‍यांनी दोघांनाही खड्डे पाडलेले. उजव्या कपात त्यांनी फडके फिरवले.

“हा गुळगुळीत आहे. त्याचे आटे उलटे असतात, प्रोफेसरसाहेब. बसू द्या तिथंच.”

पोऱ्याने नवा डावा कप लावला. तो एक फेरा गेला आणि अडला. पोऱ्याने मोठा पाना उचलला, तोच काका ओरडले, “अरे, मारशील तिला!”

बाजारातल्या कपाला इंचात 24 आटे, नॉटिंगहॅमच्या या रॅलेला 26. जोर केला असता, तर सांगाड्याचेच आटे कातरले गेले असते. मग खरोखरच भंगार!

बिस्किटांचा जुना डबा पालथा झाला. मी दोन चहा संपवले. अखेर कुठल्याशा मोडीत निघालेल्या रॅलेचा कप आणि आस सापडला. ग्रीसमध्ये प्रत्येक बाजूला 11 छर्रे बसले. आस हलता कामा नये आणि आवळताही कामा नये, म्हणून काकांनी कप चार वेळा मागेपुढे केला. व्याकरण शिकवताना एवढा धीर मी ठेवत नाही.

परतताना चढून बसलो. वडील गॅलरीत उभे होते. मी वाड्यात दोन फेऱ्या मारल्या. ते कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, “आवाज गेला. किती घेतले?”

मी आकडा सांगितला.

“फसवलं तुला,” ते म्हणाले, आणि चपला घालून खाली आले.