पीटीचा तास कापून गणित येत नाही



माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती कबूल केल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी राहतो बीडीडी चाळीत. शनिवार-रविवारी वरळी कोळीवाड्यात जाऊन मुलांचा अभ्यास घेतो. तीन वर्षांपूर्वी तिथली एक मुलगी दहावीला होती. कबड्डीत चढाईला गेली की गडी बाद करूनच परतायची. दिवाळीनंतर तिच्या शाळेने दहावीचे पीटीचे तास गणिताला देऊन टाकले. कबड्डीचा सरावही बंद झाला. तिची आई मासळी विकून परतताना माझ्यापाशी थांबली. "दादा, पोरगी रडते. शाळेत जाऊन सांगू का?"

मी म्हणालो, "ताई, आधी दहावी. खेळ काय, नंतरही होईल."

तेव्हा मला वाटलं, मी बाबासाहेबांचाच विचार सांगतोय.

मुलगी पास झाली. परवा बंदरावर भेटली, तेव्हा सरळ म्हणाली, "दादा, तुम्ही सांगितलंत म्हणून खेळ सोडला. गणितात तरी कुठं वाढले मार्क?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी गणिताचे शिक्षक दोनदा बदलले होते. जादा तासाला मुलं फळ्यावरची गणितं वहीत उतरवून घ्यायची. गणित कच्चं होतं ते शिक्षक नव्हता म्हणून, कबड्डी होती म्हणून नव्हे. शिक्षक मागायचा सोडून मी मुलीचा खेळ काढून घेतला.

काही साथी म्हणतील, आपल्या मुलांची ही शिकणारी पहिली पिढी आहे, एकेक गुण महत्त्वाचा आहे. मान्य. मग हेही लक्षात घ्या. शालेय स्पर्धांत ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण शाळेने संघच उतरवला नाही, तर मुलाने कुठून खेळायचं? प्रमाणपत्र कुठून आणायचं? म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली आपण गुणही घालवतो आणि नोकरीची एक वाटही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त विषारी आहे. "कोळ्यांची पोरं अंगाने दणकट, त्यांना खेळच बरा, अभ्यास काय जमणार?" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. यात खेळाचं कौतुक नाही. यात जात बोलते.

पालवणकर बाळू यांचं आयुष्य आठवा. १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्यात क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची निगा राखायचा. त्याच्या गोलंदाजीची हिंदू क्लबला गरज पडली, तेव्हा त्याला संघात घेतलं, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. १९२० साली या अन्यायावरून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्या लढ्यानंतर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो मतभेद आपण झाकायचा नाही. पण व्यवस्थेने त्यांच्याशी काय केलं ते बघा. हात चालला, डोकं नाकारलं.

जातिव्यवस्था हेच करते. काहींना पोथी, बाकीच्यांना अंगमेहनत. मग 'अभ्यास की खेळ' असा प्रश्न शाळा विचारते, तेव्हा ती तीच जुनी वाटणी करत नाही का? मोठ्या फीच्या शाळेत हा प्रश्न कुणी विचारतो का? तिथे प्रयोगशाळाही असते आणि जलतरण तलावही. निवड करायला सांगतात ती फक्त आपल्या मुलांना.

आपल्या चळवळीने ही फाळणी कधी मानली नाही. ज्या बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं, त्यांनीच समता सैनिक दल उभं केलं. ग्रंथही आपला, कवायतही आपली.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते आठवीसाठी मैदान, खेळाचं साहित्य आणि ग्रंथालय एकाच अनुसूचीत आहेत. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही हवा.

कोळीवाड्यात गल्ल्या अरुंद आहेत. बंदरावर जाळी वाळत घातली की मुलांचा खेळ थांबतो. किल्ल्यात व्यायामशाळा आहे, पण ती शाळेची जागा भरून काढू शकत नाही. या मुलांना मैदान मिळायचं तर ते शाळेतूनच मिळणार.

त्या मुलीचा धाकटा भाऊ आता सातवीत आहे. येत्या पालकसभेला त्याच्या आईबरोबर मी जाणार आहे. आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत. वेळापत्रकातला पीटीचा तास प्रत्यक्षात होऊ द्या. शालेय स्पर्धेत मुलांचा आणि मुलींचा संघ उतरवा. आणि गणिताला कायमचा शिक्षक द्या. यातली एक देऊन दुसरी काढून घेतलेली चालणार नाही.

तुम्हीही तुमच्या वस्तीतल्या शाळेचं वेळापत्रक एकदा मागून बघा. पीटीचा तास कागदावर आहे की मैदानात, ते मुलांनाच विचारा. मी तेव्हा विचारलं नव्हतं.

जय भीम! जय संविधान!