आता मी तपासणीच्या बाजूने आहे

आश्रमशाळांमधल्या सिकलसेलच्या सरसकट तपासणीला माझा विरोध होता. त्र्यंबकेश्वर तालुक्यात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हरसूलच्या बाजूने येणारी कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची मुलं आधीच पुष्कळ शिक्के अंगावर घेऊन वावरतात. त्यात रक्ताचा आणखी एक नको, त्यापायी कुणा मुलीचं लग्न मोडायला नको, असं मी ठामपणे मांडत असे. हिमोग्लोबिन बघावं, लोहाच्या गोळ्या द्याव्यात, तेवढं पुरे वाटे.

मत बदललं ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. ऐन विशीत तो लंगडू लागला. भातलावणीत वाकता येईना. घरचे वात म्हणाले, मग मुरगळ म्हणाले. एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये कळलं, की खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोल माथा मरत चालला आहे. कारण रक्तात होतं. त्याला सिकलसेल होता, आणि हिमोग्लोबिन मात्र शंका यावी इतकं कधीच उतरलं नव्हतं.

मग मी समजून घ्यायला लागलो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलमधली वाकडी, ताठर पेशी साधारण 10 ते 20 दिवस. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळात थोड्या. त्या तुंबल्या की हाड उपाशी मरतं आणि पुढे भाराखाली खचतं. मला सर्वांत हलवून गेलं ते हे, की ज्यांना अल्फा थॅलेसेमियाचा गुणही सोबत मिळालेला असतो, त्यांचं हिमोग्लोबिन तुलनेने बरं राहतं, पण खुब्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या एका आकड्यावर मी विसंबलो होतो, तो हाडाची हमी देत नाही.

शिक्क्याच्या भीतीचंही उत्तर तपासणीतच सापडलं. बोटातल्या थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी गढूळ आली, तरी तो वाहक की रुग्ण हे कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. वाहक आजारी नसतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. अर्धवट तपासणी, आणि तीही चारचौघांत जाहीर केलेली, घातकच. त्या विरोधावर मी आजही ठाम आहे. पूर्ण तपासणी, गुप्तता आणि नीट समुपदेशन असेल, तर मात्र नकाराला आधार उरत नाही.

1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. त्यात आपल्या पाड्यांवरचं प्रत्येक मूल असावं, असं मला मनापासून वाटतं. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. ते घेताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वरचेवर मोजाव्या लागतात. खुबा त्याने नक्की वाचेल, असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण रक्त आधी माहीत असेल, तर लंगडणाऱ्या मुलाला कुणी मुरगळ म्हणून परत पाठवणार नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे: सिकलसेलचं मूल खुबा, मांडी, अगदी गुडघाही दुखतो म्हणालं, तरी त्याला खेळाच्या तासाला उभं करू नका, दवाखान्यात न्या.