मुळीआधी पाला विचारा

वाचकहो, ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. झाडाच्या मुळीबद्दल मात्र माझे सांगणे उलटे आहे. जिचे कूळ ठाऊक नाही, ती मुळी तोंडात घालू नये. एका भल्या माणसाचा जीव टांगणीला लागला तेव्हा हे मला कळले, आणि त्यात चूक माझी होती.

गोष्ट २००१ सालच्या आषाढातली. पुण्याजवळच्या वाघोलीचे काम तेव्हा माझ्याकडे होते. त्या सुमारास सफेद मुसळीचा मोठा बोलबाला होता. एकरी लाखांची गणिते पारावर मांडली जात. जो तो बांधावर मुसळी शोधू लागला होता.

एके संध्याकाळी ओळखीचे एक शेतकरी आले. कागदात पांढरे तुकडे होते, स्वच्छ धुतलेले, सोललेले. "सायेब, शेराच्या कुंपणाखाली घावली. मुसळीच हाय न्हवं ही?" मी घाईत होतो. तुकडा बोटांत फिरवला आणि म्हणालो, "असेल." एवढेच. तो एक शब्द मला आजही टोचतो.

रात्री त्यांनी दोन तुकडे दुधात उकळून घेतले. मध्यरात्रीनंतर घशाला जाळ सुटला, उलट्या सुरू झाल्या, मग पटकीसारखे जुलाब. पहाटे जीपमध्ये घालून पुण्याच्या दवाखान्यात नेले. निरोप मिळताच मीही गेलो. डॉक्टर विचारत होते, "काय खाल्लंय?" सगळे एकच सांगत होते, "मुसळी." मुसळीने असे होत नाही, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडले.

इतक्यात त्यांची आई दुधाच्या गाडीने येऊन पोहोचली. उजाडताच ती बांधावर गेली होती. पदराखालून तिने एक वेल काढला. "सायेब, मुळी सोलल्यावर समदी सारखीच दिसत्यात. पाला बघा की."

मी पाला पाहिला आणि पायांतले बळ गेले. प्रत्येक पानाचे टोक लांबून स्प्रिंगसारखे वळले होते. ती कळलावी होती, ग्लोरिओसा सुपर्बा. हिच्या कंदात कोल्चिसिन असते. कृषी महाविद्यालयात आम्ही ते पाठ केले होते. पेशी दुभंगू न देणारे हे द्रव्य वापरून पैदासकार गुणसूत्रे दुप्पट करतात. बिनबियांच्या कलिंगडाची पैदास त्यातूनच झाली. परीक्षेत मी ते लिहिले होते. बांधावरून आलेला कंद मात्र मला ओळखता आला नाही.

डॉक्टरांना नाव सांगताच त्यांनी रक्तावर आणि लघवीवर नजर ठेवली, सलाईन वाढवले. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. पेशी वाढण्याचे थांबले की आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज आणि केसांची मुळे यांना आधी झळ लागते. आमचा माणूस वाचला. पंधरा दिवसांनी त्याच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळले, पुढे पुन्हा आले. तो मला कधी एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आता तुम्ही म्हणाल, मग मुळ्या वापरूच नयेत का? तसे नाही. मुळीत मोठे गुण असतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर पाहून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. १९५२ साली त्याच मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. कळलावीतले कोल्चिसिनसुद्धा गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर देतात, पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. बोटाएवढ्या तुकड्यात ते किती, हे घरी कोण मोजणार?

म्हणून ओळख पक्की हवी. सफेद मुसळीची पाने गवतासारखी, जमिनीलगत. खाली बोटांएवढ्या मुळ्यांचा झुबका. शतावरीचा वेल काटेरी, पाला सुईसारखा बारीक, मुळ्यांचा घोस मोठा. आस्कंदाचे फळ कागदी टोपीत, पिकल्यावर लाल. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास, म्हणून ती अश्वगंधा. उपळसरीच्या अरुंद पानावर मधल्या शिरेलगत पांढरट पट्टा असतो, मुळीला गोड वास येतो. कळलावीचे फूल ज्वाळेसारखे, लाल-पिवळे. तिचा कंद दुबेळक्याचा, नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ती लांगली. बाळंतपणाच्या कळा आणायला ती पूर्वी वापरत, त्यावरून कळलावी हे नाव पडले. भगिनींनो, ते धाडस कोणी सुचवले तरी करू नका.

यात एक अडचण आहे. बहुतेक मुळ्या हिवाळ्यात, पाला वाळल्यावर भरतात आणि तेव्हाच खणतात. म्हणजे खणायची वेळ येते तेव्हा ओळखायची खूण गेलेली असते. उपाय सोपा आहे. पावसाळ्यात पाना-फुलांवर असताना जाणकाराकडून झाड ओळखून घ्या, शेजारी खुंटी रोवा, तिला चिंधी बांधा. हिवाळ्यात खुंटीपाशीच खणा. सोललेली किंवा दळलेली मुळी अनोळखी माणसाकडून घेऊ नका. उकळल्याने विष जाते, असेही समजू नका. मात्रा वैद्याला किंवा डॉक्टरला ठरवू द्या. आणि घात झालाच, तर दवाखान्यात जाताना पाल्यासकट वेल बरोबर न्या.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. जिथे शेराचे ते कुंपण होते तिथे आता इमारतीची भिंत आहे. तिथल्या घरांत मुसळी आणि आस्कंद पुडीतून येतात. झाड कोणी पाहिलेले नसते. तुमच्या बांधावर कुंपण अजून आहे. या पावसाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन पोरांसह एक फेरी मारा, पाला दाखवा, नावे विचारा.

आणि आमच्यासारख्या साहेबाने कागदातला तुकडा पाहून "असेल" म्हटले, तर त्याला बांधावर घेऊन जा. मी आता तुकडा पाहून उत्तर देत नाही. चप्पल घालतो आणि विचारतो, "पाला कुठं आहे? चला, दाखवा."