आधी नाव, मग उजेड

माझ्या कानांतून आधी ‘स’ गेला, मग ‘त’, मग ‘ख’. स्वर अजून शाबूत आहेत. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घसरत गेली होती. ‘खालच्या पट्टीतलं सगळं छान ऐकू येतंय तुम्हाला,’ ते म्हणाले. या वयात ही तक्रार काही नवलाची नाही. पण माणसासारखं काहीतरी दिसलं आणि ते माणूस नव्हतं, असे जुने जबाब ऐकण्यात ज्याची सगळी हौस आणि मिजास खर्ची पडली, त्याला एवढ्याने बरं वाटत नाही.

मिजास होती, हे कबूल करतो. साक्षीदार कुठे स्वतःचं सांगतोय आणि कुठे शेजाऱ्याचं, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं, असं मी चारचौघांत सांगत असे. लोक माना डोलवायचे. ‘साहब, आप पहले आदमी हैं जिसने ठीक से सुना’ हे वाक्य कुणी म्हणावं म्हणून मी दिल्लीच्या उन्हात गल्ल्याबोळ पालथे घातलेत. काय दिसलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

हल्ली माझ्या टेप एक मुलगी उतरवून काढते. मानसशास्त्र शिकलेली आहे. ती मला काका म्हणते आणि माझं काही ऐकत नाही. सध्या आमचं एका टेपवरून वाजलंय.

टेप मे २००१ मधली, यमुनापारची. तेव्हा मी नोकरीनिमित्त दिल्लीत होतो. गाझियाबादहून निघालेला ‘मंकी मॅन’ पूर्व दिल्लीत पोहोचला होता. कुणाला तो चार फुटी केसाळ माकड दिसला, कुणाला त्याच्या डोक्यावर हेल्मेट, हाताला लोखंडी नखं, लाल डोळे आणि छातीवर बटणं दिसली. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, ५०,००० रुपयांचं बक्षीस लावलं. वीज जायची म्हणून लोक गच्चीवर झोपत होते. रात्री कुणी ओरडलं की अख्खी गल्ली धावत सुटायची, आणि त्या धावाधावीत गच्चीवरून पडून माणसं मेली. शेवटी मनोविकार आणि न्यायवैद्यकातल्या तज्ज्ञांनी असा कुणी नाहीच असा निर्वाळा दिला आणि महिन्याभरात सगळं थंडावलं.

टेपवरचा माणूस गच्चीवर झोपला होता. त्याच्या हातावर मनगटाच्या वर तीन ओरखडे होते, जवळजवळ समांतर. ते मी स्वतः पाहिले होते आणि वहीत त्यांचं चित्र काढलं होतं. टेपवर तो सांगतो, ‘अँधेरे में पंजा लगा, बस.’ मुलीला तिथे ‘पंखा लगा’ ऐकू येतं. खालून वायर ओढून टेबलफॅन गच्चीवर नेण्याची तिथे पद्धत होती. जाळी निखळलेला पंखा, गेलेली वीज, झोपेत पात्यांवर पडलेला हात आणि मध्यरात्री अचानक परत आलेली वीज, एवढ्यावर सगळा उलगडा होतो. ‘पंजा’ असेल तर मात्र तो मंकी मॅनचा साक्षीदार.

आम्ही तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा लावला. आवाज वाढवला, खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. मला पंजाच ऐकू येतो. ‘ख’ मला ऐकू येत नाही हे माहीत असूनही तो पंजाच येतो, आणि लख्ख येतो. मला पिडतंय ते हेच. बहिरा होत चाललेला माणूस अंदाज बांधतो असं आपण समजतो. अंदाज बांधल्याचं मला मुळीच जाणवत नाही. मेंदू गाळलेल्या जागा भरतो आणि भरलेला कागद माझ्या हातात देतो. कुठली अक्षरं आतून आली आणि कुठली बाहेरून, याची खूण त्यावर नसते.

पूर्वी माझ्या वहीत मधोमध उभी रेघ असे. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘मागाहून भरलं’. साक्षीदाराला थोडं बोलतं केलं की तोच आपली भर वेगळी काढून देईल, अशी माझी समजूत होती. आता ती रेघ मला मारता येत नाही. माझ्या कानात जे घडतं, तेच अंधारात त्याच्या डोळ्यांत घडलं असणार. मग त्याला किती खोदून विचारलं तरी तो ती रेघ कुठून दाखवणार? म्हणून आता मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय: जागा भरायला शब्द कुठून आला, आणि तो दिसण्याच्या आधी आला की नंतर?

जुने कागद नेमकं हेच सांगत नाहीत. जबाबात उत्तरं असतात, प्रश्न गायब असतात. १८३८ चं लंडन घ्या. गावाच्या कडेला, बो भागात राहणाऱ्या जेन ऑल्सप या तरुण मुलीने २० फेब्रुवारीच्या रात्री फाटकाची घंटा ऐकून दार उघडलं. समोरच्याने मेणबत्ती मागितली. ती आणून देताच त्याच्या तोंडातून निळ्या-पांढऱ्या ज्वाळा निघाल्या, डोळे लाल गोळ्यांसारखे दिसले, डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट चिकटलेला मेणकापडासारखा वेष, आणि ज्यांनी त्याने तिला ओरबाडलं ती नखं कुठल्याशा धातूची. दिल्लीच्या १६३ वर्षं आधी हेल्मेट, नखं, लाल डोळे! परग्रहवाले म्हणतात, तोच प्राणी परत आला. आमचे बुद्धिवादी मित्र म्हणतात, तोच मेंदू, तीच भीती.

तिचा जबाब ‘टाइम्स’मध्ये छापून आला, तो सलग निवेदनाच्या रूपात. दंडाधिकाऱ्याने कुठे अडवलं, हेल्मेटबद्दल आधी त्याने विचारलं की तीच बोलली, ते त्यात नाही. पण एक गोष्ट चुकून शिल्लक राहिली आहे. दारातला माणूस आधी म्हणाला होता की तो पोलीस आहे, गल्लीत स्प्रिंग-हील्ड जॅकला पकडलंय, लवकर उजेड आणा. लोकांना भेडसावणाऱ्या या जॅकच्या बातम्यांनी लंडनची वर्तमानपत्रं जानेवारीपासूनच भरली होती. म्हणजे नाव आधी आलं आणि मेणबत्ती नंतर. जेनच्या अंगावर कुणीतरी हल्ला केला हे खरंच. बहिणीने तिला ओढून घरात घेतलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण मेणबत्ती तिच्या हातात आली तेव्हा काय पाहायचं हे तिला आधीच सांगून झालं होतं.

जॅकवर माईक डॅशने १९९६ साली जे लिहिलं, ते पाहून मला अजून मत्सर वाटतो. तो मूळ वर्तमानपत्रांपर्यंत गेला आणि लोकप्रिय पुस्तकांतले कितीतरी चविष्ट तपशील तिथे नाहीतच हे त्याने दाखवून दिलं. असं काम करणारे आता राहिले नाहीत. हल्लीची पोरं हातात दिवे लुकलुकणारं मीटर घेऊन पडक्या वाड्यात शिरतात आणि साक्षीदाराच्या तोंडापुढे कॅमेरा धरून पहिलाच प्रश्न विचारतात, ‘भूत कसं होतं?’ झालं, संपला जबाब! दुसऱ्या बाजूचे विद्वानही कमी नाहीत. ते घरूनच ‘सामूहिक उन्माद’ असा शेरा घेऊन निघतात आणि खाली चिकटवायला नावं गोळा करतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांना बाबा पकडायचा असतो आणि ते काम जिवावरचं आहे, हे पुण्याला सांगायला नको. माझ्या प्रकरणांत बाबाच नसतो. कुणी पैसे मागत नाही, कुणी अंगारा देत नाही. आठ माणसं एका दिशेला बोट दाखवत असतात, एवढंच.

केंटकीतल्या केलीला अशीच आठ मोठी माणसं आणि तीन मुलं होती. २१ ऑगस्ट १९५५, रविवारची संध्याकाळ. पाहुणा आलेला बिली रे टेलर विहिरीवर पाण्याला गेला आणि चकाकणारं काहीतरी आकाशातून उतरल्याचं सांगत परतला. घरचे हसले. तासाभराने कुत्रा भुंकायला लागला आणि मोठ्या कानांचं, पिवळ्या डोळ्यांचं, हात वर केलेलं साडेतीन फुटी काहीतरी शेतातून घराकडे आलं. बंदुका झडल्या. रात्री अकराच्या सुमारास सगळं बिऱ्हाड गाड्यांत कोंबून हॉपकिन्सव्हिलच्या पोलीस ठाण्यात हजर झालं. पोलिसांना घरात गोळ्यांची भोकं तेवढी सापडली.

या प्रकरणात दोन गोष्टी माझ्या आवडीच्या. पहिली, तिथल्या रेडिओ केंद्रात काम करणारा बड लेडविथ. तो दुसऱ्याच दिवशी गेला. पुरुष बाहेर गेले होते, म्हणून आधी बायकांच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि पुरुष परतल्यावर त्यांच्याकडून वेगळं. एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायची संधी त्याने होता होईतो दिली नाही. दुसरी गोष्ट रंगाची. घरच्यांनी चंदेरी सांगितलेला रंग वर्तमानपत्रांनी हिरवा केला. इसाबेल डेव्हिस १९५६ मध्ये तिथे चौकशीला गेली. तिचा आणि टेड ब्लोचरचा अहवाल छापून यायला १९७८ उजाडलं. पुढे कुणी म्हणालं, ती शृंगी घुबडं होती. असतील. कान, डोळे, पिल्लांसाठी अंगावर येणं, बरंच जुळतं. पण घुबड म्हणून फाइल बंद करणाऱ्यांनी टेलरचा तो तास गिळून टाकला. हसलेल्या माणसांच्या डोक्यात तासभर एक यान उतरून बसलं होतं. घुबड त्यानंतर आलं.

आमच्या तळकोकणात याच्या उलट अडचण असते. तिथे नाव इतकं तयार असतं की पुढे काही विचारताच येत नाही. एका म्हाताऱ्याने सड्यावर रात्री हातात काठी घेतलेला उंच माणूस पाहिला होता. ‘तोंडावळा कसा होता?’ मी विचारलं. ‘देवचार तो, तोंडाकडे बघतत काय?’ तो उलट माझ्यावरच उखडला. दुसऱ्या दिवशी त्याने राखण दिली आणि विषय मिटवला. ना धावाधाव, ना रेखाचित्रं, गच्चीवरून पडून कुणी मेलं नाही. चौकशी करणाऱ्याला इथे काही मिळत नाही, पण रात्र काढायला ही व्यवस्था दिल्लीपेक्षा बरी, असं माझं मत आहे.

तर मग पंजा की पंखा? त्या तुकड्याच्या थोडं आधी टेपवर एका पोराचा आवाज येतो, ‘बंदरवाला बताओ ना!’ आणि त्यावर माझा प्रश्न, मराठी वळणाच्या हिंदीत: ‘क्या लगा?’ मुलगी म्हणते, त्या पोराने नाव आधीच देऊन ठेवलं, म्हणून तुम्हाला पंजा ऐकू येतो, त्या दिवशी आणि आजही. मी म्हणतो, आणि तू फॅनचा उलगडा मनात धरून ऐकतेस, म्हणून तुला पंखा. दोघंही बरोबर आहोत, म्हणून भांडण मिटत नाही. तो माणूस आता सापडत नाही. ते घर पाडून तिथे मजले उठलेत. सापडला तरी इतकी वर्षं हीच गोष्ट सांगत आलेल्या माणसाच्या तोंडून कोणता शब्द येईल, आणि त्याचं मी काय करू?

खरं सांगायचं तर मला तो पंखा नकोच आहे. माझ्या कपाटातली बाकीची प्रकरणं घुबडांवर, माकडांवर आणि झोपेवर निकालात निघाली. हे एक तीन ओरखड्यांचं प्रकरण तेवढं मी निकालाबाहेर ठेवलं होतं आणि व्याख्यानात शेवटी काढत असे. ते पंख्यावर गेलं तर माझ्याकडे लोकांनी श्वास रोखून ऐकावं असं काही उरणार नाही.

मुलीने तोडगा काढलाय. टेपचं लेखन प्रसिद्ध करायचं ते दोन्ही शब्दांसह, मधे तिरकी रेघ देऊन. मी संमती दिली आहे. फक्त ‘पंजा’ आधी छापायचा, ‘पंखा’ नंतर, एवढा माझा हट्ट आहे. आधी वाचलेलाच शब्द वाचणाऱ्याच्या कानात बसतो, हे तिला मीच शिकवलंय. त्यामुळे ती अजून तयार होत नाही.