हाली आणि कलदार

आमच्या घरीं एक जुना प्रघात आहे. कमावत्या मुलानें पगार आणला कीं तो प्रथम देवापुढें ठेवावयाचा, वडील माणसांना नमस्कार करावयाचा, आणि मग त्यांतून घरखर्चाची रक्कम आईच्या हातीं द्यावयाची. माझ्या वडिलांनीं तें केलें, मीं केलें. कोषागारांतील माझी नोकरी संपून पगाराच्या जागीं निवृत्तिवेतन आलें, तरी पासबुक देवापुढें ठेवण्याची खोड कांहीं गेली नाहीं. म्हणून २०२१ च्या दिवाळींत धाकट्या बंधूंच्या मुलानें जेवतांना आपल्या पहिल्या कमाईची वार्ता सांगितली, तेव्हां "मग देवापुढें ठेव कीं!" असें त्याच्या आईनें म्हणावें यांत नवल नव्हतें. तो जरा घुटमळला. मग हात धुऊन उठला आणि त्यानें आपला मोबाइल निरांजनाशेजारीं नेऊन ठेवला. पडद्यावर ४०० हा आंकडा आणि त्याच्याजवळ एक हिरवें चिन्ह, एवढेंच काय तें होतें. आम्ही हात जोडतों न जोडतों तोंच पडदा काळा झाला. "अरे, गेली कीं तुझी कमाई!" आत्याबाई म्हणाल्या, आणि सारें घर हंसलें.

हा आमचा पुतण्या चित्रकार आहे. तो कोणाची नोकरी करीत नाहीं. माडीवरच्या खोलींत बसून परदेशांतील मंडळींच्या खेळांसाठीं व पुस्तकांसाठीं चित्रें काढून देतो. हल्लीं याला फ्रीलान्स म्हणतात. आमच्या पिढीनें उक्तें काम म्हटलें असतें. काम देणारा गृहस्थ त्यानें कधीं पाहिलेला नाहीं, आणि मेहनताना येतो तो क्रिप्टो नाण्यांत. मला हें प्रथम शुद्ध थट्टेचें वाटलें. परंतु त्याची बाजू अगदींच लंगडी नव्हती. बँकेमार्फत डॉलर यावयाचे म्हणजे वाटेंतील बँका आपापला आकार कापून घेतात आणि दिवसांमागून दिवस जातात. रक्कम लहान असली तर हा भुर्दंड फार जाणवतो. हीं नाणीं मात्र रात्रीं पाठविलीं तर कांहीं मिनिटांत येतात, मग तो रविवार असो कीं संक्रांत.

नाणें म्हटलें तरी तें हातांत घेण्याजोगें नव्हेच. तो हिशेबाच्या वहींतला एक आंकडा, आणि ती वही जगभरच्या असंख्य यंत्रांवर एकाच वेळीं लिहिली जाते. यांतलें आद्य नाणें बिटकॉइन. त्याची वही ३ जानेवारी २००९ रोजीं उघडली. २२ मे २०१० रोजीं अमेरिकेंत फ्लॉरिडांतल्या एकानें १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें याच एका नाण्याचा भाव ६९,००० डॉलरांच्या आसपास गेला आणि वर्षभरांत १६,००० च्या घरांत उतरला. अशा नाण्यांत मजुरी घेऊन किराण्याचें बिल कोणीं भरावें? म्हणून उक्तें काम करणारे बहुधा डॉलरला बांधलेलीं नाणीं पसंत करतात. आमच्या पुतण्याचें टेथर त्यांतलेंच. एक नाणें म्हणजे एक डॉलर, असा तें काढणाऱ्या कंपनीचा वायदा. वायदा मोडतोही. मे २०२२ मध्यें टेरायूएसडी नांवाचें असेंच एक डॉलरला बांधलेलें नाणें कांहीं दिवसांत मातीमोल झालें. त्या आठवड्यांत आमच्या माडीवरचा दिवा रात्रभर जळत होता. त्याचें टेथर मात्र वांचलें.

आत्याबाईंना हा सारा प्रकार आमच्यापेक्षां लवकर उमगला. त्यांना आतां सत्त्याऐंशीवें वर्ष चालू आहे. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यांत नांदेडकडे शाळामास्तर होते. पगार मिळे हाली शिक्क्यांत. लग्नकार्यासाठीं पुण्यास यावयाचें तर आधीं हालीचे कलदार करून घ्यावे लागत; सहा कलदारांना सात हाली हा त्या वेळचा सर्वसाधारण हिशेब. पुढें १९५९ सालीं हाली शिक्का चलनांतून गेला, परंतु आत्याबाईंच्या डोक्यांतून गेला नाहीं. एके संध्याकाळीं वाती वळतां वळतां त्यांनीं नातवाला विचारलें, "तुझें तें नाणें हाली कीं कलदार?"

"हालीच म्हणा, आत्याआजी. वाण्याकडे चालत नाहीं. बदलून घ्यावें लागतें."

"सराफ कोण तुझा?"

"सराफ नाहीं. विकत घेणारा कोणीही असतो. तो माझ्या खात्यांत रुपये भरतो, मी त्याला नाणीं सोडतों."

"ओळखीचा?"

"नाहीं."

त्यांनीं वात वळावयाची थांबविली नाहीं, पण पुढें विचारलेंही कांहीं नाहीं. मीं तरी काय केलें? मी कायद्याच्या बाजूनें निर्धास्त होतों. रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं बँकांना या व्यवहारांपासून दूर राहावयास सांगितलें होतें, परंतु तें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केलें. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रींतील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागू झाला, आणि १ जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून एक टक्का आधींच कापला जाऊं लागला. पुतण्याचा हिशेब मीं स्वतः तपासून देत असें. सरकार कर घेतें त्या अर्थीं सारें ठाकठीक आहे, अशी कोषागारांत आयुष्य घालविलेल्या माणसाची समजूत असावयाचीच.

२०२४ च्या डिसेंबरांत त्यानें ३०० नाणीं विकलीं. खात्यांत २६,७०० रुपये आले. बावीस दिवसांच्या कामाचे ते पैसे. दहाव्या दिवशीं तो धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाचें शुल्क भरावयास गेला, तों खातें गोठविलेलें! दुसऱ्या दिवशीं मी त्याच्यासह बँकेंत गेलों. अधिकारी सभ्य होते. परप्रांतांतील सायबर पोलिसांचें पत्र आलें होतें. तिकडे कोणा गृहस्थाला फोनवरून फसवून त्याचे पैसे लुबाडण्यांत आले होते. ते या खात्यांतून त्या खात्यांत फिरत फिरत नाणीं घेणाऱ्याच्या हातीं आले आणि त्यानें ते आमच्या मुलाला दिले. रक्कम २६,७०० ची. अडकली मात्र त्याची एक लाख ऐंशी हजारांची सारी शिल्लक.

"हे पैसे कशाबद्दल मिळाले?" अधिकाऱ्यांनीं विचारलें. पुतण्यानें मोबाइल काढून चित्रें दाखविलीं: एक किल्ला, एक म्हातारा कोळी, पावसांतली होडी. अधिकाऱ्यांनीं तीं पाहिलीं, छान आहेत म्हणाले, आणि परदेशांतून पैसे आल्याचा बँकेचा दाखला मागितला. तो कोठून असणार? पैसे बँकेमार्फत आलेच नव्हते! चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या कागदांवर 'पुरावा जोडावा' असा शेरा मारणारा मी, त्या खुर्चींत निरुत्तर बसलों.

मुलीचें शुल्क मीं भरलें. तो प्रश्न नव्हता. प्रश्न निराळाच निघाला. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्याची आई म्हणाली, "ते पैसे त्या फसलेल्या माणसाचे ना? मग त्याचे त्याला परत जाऊं देत."

"आणि माझ्या बावीस दिवसांचें काय, आई? मीं कोणाला फसविलेलें नाहीं."

"तूं नाहीं फसविलेंस. पण पैसे त्याचेच."

बंधूंचें मत मुलाच्या बाजूनें पडलें. माल देऊन मोल घेतलें, देणाऱ्याच्या खिशांत तें कसें आलें याची चौकशी कोणता दुकानदार करतो, असा त्यांचा सवाल. मला दोघांचेंही पटे आणि दोघांचेंही सलत राही. ज्यानें चित्रें घेतलीं तो प्रामाणिक, ज्यानें काढलीं तो प्रामाणिक. पण या दोघांच्या मध्यें जो उभा होता त्याचें नांव आमच्यापैकीं कोणालाही ठाऊक नव्हतें. तो परप्रांतीं लुबाडला गेलेला गृहस्थ माझ्यासारखाच कोणी निवृत्त मनुष्य असेल, ही कल्पना तर झोंपूं देईना. अशा फोनला मीही एकदां बळी पडतां पडतां राहिलों आहें, हें घरांत कोणाला सांगितलेलें नाहीं. आज येथें प्रथमच लिहीत आहें.

पत्रव्यवहार अडीच महिने चालला. कामाचे करार, चित्रें, नाणीं आल्या-गेल्याच्या नोंदी, सारें पोलिसांकडे पाठविलें. अखेर खातें मोकळें झालें. फक्त २६,७०० रुपये चौकशी पुरी होईपर्यंत राखून ठेवले. वकिलानें अर्ज करावयास सांगितलें होतें. अर्जाचा मसुदा मीं लिहून दिला. पुतण्यानें तो वाचला, घडी घातली आणि चित्रांच्या खणांत ठेवून दिला. अजून तो तेथेंच आहे.

पुढें त्यानें त्या परदेशी गृहस्थाला लिहून बँकेमार्फत पैसे पाठविण्याची विनंती केली. त्याला तें जमण्यासारखें नव्हतें, तें काम सुटलें. आतां दुसऱ्या एकाचें काम आहे. मोबदला कमी, वर बँकेची कापाकापी. गेल्या महिन्यांत तिकडून पहिली रक्कम आली, तेव्हां त्यानें बँकेचा छापील कागद देवापुढें ठेवला. आत्याबाईंनीं चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनीं पाहिला आणि किती कापले तें विचारलें.

त्यानें आंकडा सांगितला. "सातास सहापेक्षां बरें," असें म्हणून त्यांनीं कागद परत ठेवला.